चिली १९७३ : परकीय हात कागदावर सापडतो तेव्हा

पाऊलखुणा

'परकीय हात' हे शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलोय. आणीबाणीचे दिवस, वडील सरकारी नोकरीत, संध्याकाळी ओसरीवर त्यांचे मित्र जमायचे. एक काका छातीठोक सांगायचे की हात खराच आहे. दुसरे म्हणायचे, स्वतःच्या चुका झाकायला उभा केलेला बागुलबुवा आहे. इंदिरा गांधी त्या काळात चिलीच्या आयेंदेंचं नाव घ्यायच्या, तसंच आपलंही होईल अशी भीती बोलून दाखवायच्या. हा आयेंदे कोण, हे त्या ओसरीवर कुणी मला सांगितलं नाही.

गेलं वर्षभर मी चिलीबद्दल, १९७३ साली लष्कराने आयेंदेंचं सरकार उलथवलं त्याबद्दल, मिळेल ते वाचतोय. तिथल्या हाताबद्दल तर्क लढवायची गरज उरत नाही. तो अमेरिकनांच्याच हस्ताक्षरात आहे, म्हणून हा धागा काढतोय.

४ सप्टेंबर १९७०. साल्वादोर आयेंदे, पेशाने डॉक्टर, समाजवादी, राष्ट्राध्यक्षपदासाठी चौथ्यांदा उभे. मतं ३६.६ टक्के, दुसऱ्या क्रमांकाच्या आलेस्सांद्रींना ३५.३. कुणालाच निम्मी मतं नाहीत, त्यामुळे घटनेप्रमाणे निवड संसदेत व्हायची होती आणि आजवर संसदेने पहिल्या क्रमांकाचाच उमेदवार निवडला होता. अकरा दिवसांनी, १५ सप्टेंबरला दुपारी ३ वाजून २५ मिनिटांनी, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सीआयएचे प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांना बोलावून घेतलं. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर आणि कायदेमंत्री मिचेल तिथे होते. हेल्म्सनी तेव्हा हाताने घेतलेली टिपणं आज कुणालाही बघता येतात. वाण्याच्या यादीसारख्या तुटक ओळी आहेत : दहात एक शक्यता असेल, पण चिली वाचवा. खर्च करण्याजोगं. धोक्यांची फिकीर नाही. वकिलातीला यात आणायचं नाही. १ कोटी डॉलर उपलब्ध, लागले तर आणखी. आपली सर्वांत चांगली माणसं. अर्थव्यवस्था किंचाळली पाहिजे. आराखड्याला ४८ तास.

ही टिपणं मी पहिल्यांदा वाचली ती रात्री उशिरा, मोबाईलवर. नंतर झोप आली नाही. लाखो माणसांच्या चुलीबद्दलचा निर्णय, आणि त्याला एक ओळ.

पुढचं सगळं त्या पानातून निघालं. दोन मार्ग ठरले. पहिला संसद सदस्यांना वळवण्याचा. दुसरा थेट लष्करी उठावाचा, आणि तो अमेरिकेच्या चिलीतल्या राजदूतालाही कळू द्यायचा नव्हता. अडचण एकच होती. लष्करप्रमुख जनरल रेने श्नायडर. लष्कराने घटनेप्रमाणे चालायचं, निवडणूक कुणी जिंकली हे लष्कराने ठरवायचं नाही, असं ते उघड बोलत. मग त्यांना पळवायचं ठरलं. २२ ऑक्टोबरच्या पहाटे सीआयएच्या माणसाने कटातल्या एका गटाला ३ सबमशीन गन आणि काडतुसं दिली. त्याच सकाळी, घरून कचेरीकडे निघालेल्या श्नायडर यांची गाडी दुसऱ्याच गटाने अडवली. घणाने काच फोडली. त्यांनी पिस्तुलाला हात घातला आणि गोळ्या सुटल्या. २४ तारखेला संसदेने १५३ विरुद्ध ३५ मतांनी आयेंदेंची निवड केली. २५ तारखेला श्नायडर गेले. गोळ्या घालणाऱ्या गटाला सीआयएने नंतर ३५,००० डॉलर पोचवले.

म्हणजे उठाव १९७३ साली झाला, पण पहिला बळी १९७०चा. आणि तो डाव्या पक्षाचा कार्यकर्ता नव्हता, शब्दाला जागणारा सैनिक होता. ही गोष्ट मला आयेंदेंच्या मृत्यूइतकीच मोठी वाटते.

पुढच्या ३ वर्षांत सीआयएने चिलीत सुमारे ८० लाख डॉलर ओतले, हा आकडा अमेरिकन सिनेटच्या चौकशी समितीने १९७५ साली काढला. त्यातले १५ लाखांहून जास्त 'एल मेर्कुरियो' या एका दैनिकाला गेले. अमेरिकेची सरकारी मदत आटली : १९६९ला साडेतीन कोटी डॉलर होती, १९७१ला पंधरा लाख. सैन्याशी मात्र संबंध तोडले नाहीत, उलट तिथे उधारी चालूच राहिली. हा तपशील जुळवून पाहा. दुकानात साबण मिळेना, बराकीत माल पोचत होता.

११ सप्टेंबर १९७३ला विमानांनी ला मोनेदा या राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यावर रॉकेटं टाकली. आयेंदे रेडिओवर शेवटचं बोलले. पुढची साडेसोळा वर्षं लष्करप्रमुख ऑगुस्तो पिनोशेची हुकूमशाही.

माझं म्हणणं इतकंच, की 'हात होता का' हा प्रश्न चिलीपुरता सुटलाय. तो हात नेमका कुठे कुठे लागला आणि कुठे लागला नाही, यावर बोलू.

सह्यकडा

धागा काढल्याबद्दल आभार. एक दुरुस्ती हवी असेल तर करा, आयेंदेंना सैनिकांनीच वाड्यात गोळ्या घातल्या ना? लहानपणापासून तसंच ऐकलंय.

पाऊलखुणा

सह्यकडा, बरीच वर्षं डाव्या चळवळीत तेच सांगितलं जायचं. २०११ साली त्यांचे अवशेष बाहेर काढून तपासले, तेव्हा आत्महत्या असल्याचं नक्की झालं. त्यांच्या कन्या इसाबेल आणि बाकी कुटुंबीयांनीही ते मान्य केलं. वाड्यात आग, धूर, जिन्यावर सैनिक, आणि त्यांनी आपल्या माणसांना शरण जायला खाली पाठवलं. मला वाटतं, आपण सहानुभूतीपोटीही खोटं तपशील धरून बसू नये. एक चुकीचं निघालं की समोरचा बाकीचं खरंही झटकून टाकतो.

तिसरा प्रहर

पाऊलखुणा, तुमचा अभ्यास दिसतोय, पण पारडं एका बाजूला झुकलंय. आयेंदे सरकारने पहिल्या वर्षी पगार भरमसाट वाढवले, भाव गोठवले आणि तूट नोटा छापून भरली. दुसऱ्या वर्षी दुकानं रिकामी, १९७३ला महागाई शेकडो टक्क्यांत. त्यासाठी कुणी सीआयए लागत नाही, साधं अंकगणित पुरतं. २२ ऑगस्ट १९७३ला चिलीच्याच प्रतिनिधीगृहाने ८१ विरुद्ध ४७ मतांनी ठराव केला की सरकार घटना मोडतंय. ते ८१ जण काही वॉशिंग्टनहून आले नव्हते. मध्यममार्गी ख्रिश्चन डेमोक्रॅटही त्यात होते. देश दुभंगला होता. माझे आजोबा म्हणायचे, घरातलं भांडण असल्याशिवाय शेजाऱ्याला दार सापडत नाही.

पाऊलखुणा

तिसरा प्रहर, तुमचं जवळजवळ सगळं मान्य. नोटा छापल्या, रांगा लागल्या, सरकारातलेच डावे गट आयेंदेंचं ऐकेनासे झाले. हे लपवण्यात अर्थ नाही.

पण दोन गोष्टी जोडतो. तांबं. देशाच्या निर्यातीत तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा तांब्याचा. जुलै १९७१ला खाणी राष्ट्रीय मालकीच्या झाल्या, तेव्हा संसदेत मतदान एकमताने झालं. उजव्यांनीही हात वर केला. म्हणजे खाणींचा निर्णय एका पक्षाचा आततायीपणा नव्हता, पण कर्जाचा नळ बंद झाला तो सगळ्या देशाचा. आणि दुसरी : इतकी ओढाताण असूनही मार्च १९७३च्या संसदीय निवडणुकीत आयेंदेंच्या आघाडीला सुमारे ४४ टक्के मतं पडली. त्यांना घटनेच्या मार्गाने हटवायला दोन तृतीयांश जागा लागत होत्या. तो मार्ग त्या दिवशी बंद झाला, आणि मग बराकीकडे बघणं सुरू झालं.

तुमच्या आजोबांच्या वाक्याबद्दल. दार घरच्यांनीच उघडलं असेल, पण इथे शेजारी दारापाशी नुसता उभा नव्हता. १९६४च्या निवडणुकीतच त्याने २६ लाख डॉलर घातले होते, आयेंदेंविरुद्ध उभ्या असलेल्या ख्रिश्चन डेमोक्रॅट फ्रेईंच्या प्रचाराच्या निम्म्याहून जास्त खर्च. घरात भांडण व्हायच्या सहा वर्षं आधी.

खडीसाखर

ऑक्टोबर १९७२चा ट्रकवाल्यांचा संप सीआयएने पैसे देऊन घडवला असं वाचलंय. देश लांबट, चिंचोळा, सगळा माल रस्त्याने जाणार, ट्रक थांबले की शहरात पीठ संपणार. हे खरं का?

पाऊलखुणा

यात सावध राहावं लागतं. ट्रकवाल्यांना थेट पैसे द्यायला वॉशिंग्टनने मंजुरी दिली नव्हती. पण व्यापारी आणि उद्योजकांच्या ज्या गटांना सीआयएचा पैसा जात होता, त्यांतल्या काहींनी संपकऱ्यांना उघड मदत केली, हे सिनेट समितीनेच लिहिलंय. तुम्ही विहिरीत पाणी सोडायचं आणि पाटाचं पाणी कुणाच्या वाफ्यात गेलं ते मला ठाऊक नाही म्हणायचं, असा तो प्रकार.

उठावाच्या दिवसाचंही तसंच. ११ तारखेला विमानं अमेरिकन वैमानिकांनी उडवल्याचा पुरावा नाही. बेत चिलीच्या सेनापतींचा. पण सीआयएला कट माहीत होता, कटातल्या काहींशी माहिती घेण्याचे संबंध होते, हे त्यांनी २००० साली अमेरिकन संसदेला दिलेल्या अहवालात मान्य केलं. आणि १६ सप्टेंबर १९७३चं निक्सन–किसिंजर फोन संभाषण लिखित स्वरूपात उपलब्ध आहे. किसिंजर म्हणतात, आम्ही ते केलं नाही, म्हणजे, आम्ही त्यांना मदत केली, होईल तितकी परिस्थिती तयार केली.

त्या 'म्हणजे'वर मी बराच वेळ अडकलो होतो.

माजी हवाईसैनिक

मी इथे सहसा लिहीत नाही. ला मोनेदावर टाकलेली रॉकेटं हॉकर हंटर विमानांतून सुटली, हे वाचून राहवलं नाही. हंटरवर मी उमेदीची वर्षं काढलीत. डिसेंबर १९७१मध्ये लोंगेवालाला पाकिस्तानी रणगाडे याच विमानांनी वाळूत थोपवले, आम्हाला त्याचा आजही अभिमान आहे. तेच यंत्र, दोन वर्षांच्या आत, आपल्याच राजधानीत, आपल्याच राष्ट्राध्यक्षावर. यंत्राला काय कळतं, पण मला त्रास झाला.

याच विमानाची आणखी एक हकीकत सांगतो. हंटरचं एव्हॉन इंजिन रोल्स रॉइसचं. १९७४ साली चिलीच्या हवाईदलाची काही इंजिनं दुरुस्तीसाठी स्कॉटलंडमधल्या ईस्ट किलब्राइडच्या कारखान्यात आली. तपासणीवरच्या एका कामगाराने ती कुठून आलीत ते पाहिलं आणि हात लावायला नकार दिला. मग सगळ्या कारखान्याने. इंजिनं खोक्यांत, आवारात, उघड्यावर पडून राहिली. चार वर्षं. १९७८ला एका रात्री कुणीतरी ट्रक आणून ती उचलून नेली.

ज्याने इंजिन उघडलंय त्याला विचारा, स्कॉटलंडच्या पावसात चार वर्षं ठेवलेल्या इंजिनाचं काय होतं. आम्ही एका रात्रीसाठीसुद्धा तोंडाला झाकण लावल्याशिवाय हँगर सोडत नसू. सुट्या हाताने काम करणाऱ्या माणसाने हुकूमशहाच्या विमानदलाचा पाय ओढला. २०१५ साली त्यांतल्या तिघांना चिली सरकारने सन्मानचिन्ह दिलं. तोवर ते म्हातारे झाले होते.

खडीसाखर

काका, हे कधीच कुठे वाचलं नव्हतं. लिहीत जा हो.

सह्यकडा

निक्सन आणि किसिंजर ही तीच जोडी ना, १९७१ला पूर्व पाकिस्तानात कत्तल चालू असताना याह्याखानला सांभाळणारी आणि बंगालच्या उपसागरात सातवं आरमार धाडणारी? आपल्याकडे त्या आरमाराची भीती घरोघर होती. आता तारखा लावून बघतोय : एकाच कचेरीत, त्याच महिन्यांत, एका बाजूला ढाका आणि दुसऱ्या बाजूला चिलीच्या राजधानीचं, सांतियागोचं नाक दाबणं चालू होतं.

तिसरा प्रहर

बाहेरच्या हस्तक्षेपाला फक्त अमेरिकाच जबाबदार असंही नको. ब्राझीलच्या लष्करी राजवटीने पिनोशेला हात दिला. आणि सांतियागोत ऑस्ट्रेलियाचंही गुप्तहेर ठाणं होतं, १९७१ला सीआयएच्या विनंतीवरून उघडलेलं. व्हिटलम पंतप्रधान झाल्यावर त्यांनी ते बंद करायला लावलं. त्याचे कागद बाहेर यायला २०२१ उजाडावं लागलं.

पाऊलखुणा

बरोबर, आणि तुमच्या यादीत स्वित्झर्लंडही घाला. दक्षिण अमेरिकेतल्या हुकूमशाह्यांनी नोव्हेंबर १९७५ला सांतियागोत बसून 'काँडोर' नावाची युती केली. एकमेकांच्या देशांत पळालेले विरोधक शोधायचे, उचलायचे, मारायचे. त्यांचे सांकेतिक निरोप ज्या यंत्रांतून जायचे ती क्रिप्टो एजी या स्विस कंपनीची. त्या कंपनीची खरी मालकी १९७०पासून सीआयए आणि पश्चिम जर्मन गुप्तहेर खात्याकडे होती, हे २०२०मध्ये बाहेर आलं. आपल्याही सरकारने त्यांची यंत्रं घेतली होती.

याच काळात चिलीच्या गुप्त पोलिसांचा, म्हणजे 'दिना'चा प्रमुख मानुएल कोंत्रेरास. छळछावण्या त्याच्या हाताखाली. १९७५ साली सीआयएने त्याला एकदा पैसे दिले, हेही त्या २०००च्या अहवालात त्यांनीच लिहिलंय. आणि २१ सप्टेंबर १९७६ला याच 'दिना'च्या माणसांनी वॉशिंग्टनमध्ये, शेरिडन सर्कलजवळ, आयेंदेंचे माजी मंत्री आणि राजदूत ओर्लांदो लेतेलिएर यांच्या गाडीखाली बॉम्ब लावला. ते आणि त्यांची अमेरिकन सहकारी रॉनी मॉफिट, दोघं गेले. बॉम्ब लावणारा मायकेल टाउनली स्वतः अमेरिकन. त्याच्या साडेतीन महिने आधी, जूनमध्ये, किसिंजर सांतियागोत पिनोशेला भेटले होते. आयेंदेंना उलथवून तुम्ही पश्चिमेची मोठी सेवा केलीत, असं त्यांनी म्हटल्याचं त्या भेटीच्या नोंदीत आहे.

रानजाई

मी नोकरीनिमित्त दोन वर्षं सांतियागोत होते, म्हणून थोडं लिहिते. कागदपत्रांबद्दल पाऊलखुणांइतकं मला माहीत नाही.

नॅशनल स्टेडियममध्ये मी मैत्रिणीबरोबर फुटबॉलचा सामना बघायला गेले होते. सगळीकडे नव्या खुर्च्या, आणि एका गोलमागे थोडासा भाग तसाच, जुन्या लाकडी बाकांचा, रिकामा. हजारोंची गर्दी आणि तिथे कुणी बसत नाही. मी तिला विचारलं, तिकिटं गेली नाहीत का? ती म्हणाली, इथे १९७३ला माणसं कोंडून ठेवली होती, ती याच बाकांवर बसायची. सामना सुरू झाला, ती ओरडत होती, टाळ्या वाजवत होती, पण त्या बाकांकडे पाठ मात्र केली नाही तिने.

तिच्याच आईकडे मी 'आर्पियेरा' पहिल्यांदा हातात घेतली. गोणपाटावर कापडाचे तुकडे टाचून केलेलं चित्र. डोंगर, घरं, आणि कोपऱ्यात पोलीस गाडी. आपल्या गोधडीसारखं काम, टाके तसेच उघडे. ज्यांचे नवरे, मुलं उचलून नेली त्या बायका चर्चच्या आश्रयाला जमून हे शिवायच्या. कार्डिनल सिल्वा एन्रीकेस यांनी १९७६च्या सुरुवातीला त्यासाठी चर्चची वेगळी कचेरी उभी केली होती. वर्तमानपत्रं गप्प होती, म्हणून बातमी अशी कापडावर परदेशात गेली. माणसाचा जुना सदरा असेल तर त्याचाच तुकडा त्याच्या चित्राला लावायच्या. मी माझ्या आजीच्या गोधडीत आजोबांचं धोतर ओळखते, तसं.

खडीसाखर

ताई, डोळ्यांत पाणी आलं. ती नेलेली माणसं पुढे सापडली का?

माजी हवाईसैनिक

मलाही हेच विचारायचं होतं. १९८८च्या सार्वमतात ५६ टक्के लोकांनी पिनोशेला नको म्हटलं, १९९०ला लोकशाही आली, इथपर्यंत ठाऊक आहे. १९९८ला त्याला लंडनमध्ये अटक झाली तेव्हा बातम्या बघत होतो, आणि सोडून दिला तेव्हाही. त्या घरांचं काय झालं?

रानजाई

खडीसाखर, काका, बहुतेक सापडली नाहीत. बेपत्ता केलेले म्हणून सरकारने मान्य केलेले १,४६९ जण, त्यांतल्या ३०७ जणांचेच अवशेष २०२३पर्यंत ओळखू आले होते. २०२३ साली राष्ट्राध्यक्ष बोरिक यांनी बाकीच्यांच्या शोधाची सरकारी योजना जाहीर केली. तोवर शोध घरच्यांनीच घेतला.

उत्तरेला आताकामाच्या वाळवंटात कालामा नावाचं खाणगाव आहे. १९ ऑक्टोबर १९७३ला तिथे २६ पुरुषांना मारून वाळवंटात पुरलं. त्यांच्या बायका, आया, बहिणी फावडी घेऊन वाळवंटात जायला लागल्या. वर्षानुवर्षं. जिथे पावसाचा थेंब पडत नाही, सावलीला झाड नाही, तिथे माती उकरत. १९९०ला त्यांना जागा सापडली, पण खड्डा जवळजवळ रिकामा होता. मधल्या काळात लष्कराने यंत्र आणून देह उकरून दुसरीकडे हलवले होते. यंत्राच्या दातांतून निसटलेले तुकडे तेवढे राहिले होते.

त्या बायकांनी ते वेचले. आणि खूप जणी पुढेही जात राहिल्या, बाकीचा देह शोधायला. माझ्या मैत्रिणीची आई त्यांतल्या एकीला ओळखायची. ती म्हणायची, मला तो पूर्ण हवाय. एवढुसा तुकडा डब्यात घालून कसा पुरू? त्या बाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, शेवटपर्यंत फावडं दाराशी असायचं.

पाऊलखुणा

रानजाई, मी हेल्म्सची टिपणं कितीदा वाचली असतील, पण कालामाचं हे मला माहीत नव्हतं. आज वडिलांना फोन करून सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, त्या बायकांबद्दल परत एकदा सांग.